सासूबाईंना गोड बोलायला कुणी शिकवलं?

१

घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा न्हाणीघरात घसरून पडले आणि दोन रात्री तिथेच फरशीवर राहिले. सगळा वेळ शुद्धीवर होते. पडले त्या सकाळी घरी येणारी नर्स आली. तिने बेल वाजवली, थांबली, पुन्हा वाजवली आणि गेली. आजोबांनी बेल ऐकली, हाकही मारली, पण न्हाणीघराचं दार लागलेलं आणि घशातून आवाज फुटेना. संध्याकाळची नर्स आली, तीही तशीच परत गेली. दुसऱ्या दिवशी मात्र कुणी आलंच नाही, कारण नर्सच्या फोनवरून आजोबांचं नावच गेलं होतं. त्यांच्या नावापुढे आपोआप एक शब्द लागला होता: ‘नकार’.

खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छतातून पाणी टपकायला लागलं, त्या भांडायला वर आल्या, म्हणून आजोबा वाचले. कमरेचं हाड मोडलं.

कोणत्या नर्सने कधी कुणाकडे जायचं हे ठरवणारं सॉफ्टवेअर एका लहानशा कंपनीने बनवलेलं. नर्स पाठवणाऱ्या संस्थेने मला तिथे धाडलं. सॉफ्टवेअरमध्ये चूक कुठून शिरली ते शोधणं हे माझं पोट भरायचं काम. संस्थेच्या संचालिकाबाई फोनवर म्हणाल्या, “मला संध्याकाळपर्यंत एक नाव हवं. तो माणूस आमच्या कामावर राहणार नाही. नाव नाही मिळालं, तर ती कंपनीच नको.”

मी जिना चढून गेले, काचेचं दार लोटलं. बॅग खाली ठेवायच्या आत पिकल्या मिशांचा एक उंच माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला.

“शोधत बसू नका,” तो म्हणाला. “मीच.”

२

कबुली अशी आयती हातात आली की मी ती आधी बाजूला ठेवते. ज्याने खरंच काही केलेलं असतं तो आधी कारणं सांगतो. हा माणूस नुसती शिक्षा मागत होता.

“तुम्ही म्हणजे काय केलंत?” मी विचारलं.

“शेवटचं बटण माझं. ‘जाऊ द्या’ मी दाबलं. आणखी काही विचारू नका.”

त्याला सगळे दादा म्हणत. कंपनी त्याची आणि त्याच्या धाकट्या बहिणीची. बहिणीला सगळे ताई म्हणत, फक्त दादा तिला चिमे म्हणायचा. तिसरा एक चष्मेवाला प्रोग्रामर, त्याचं नाव पडलं होतं वकील, कारण त्याला वेळ विचारली तरी तो दोन्ही बाजू मांडायचा. माणसं एवढीच. बाकीचं काम चार यांत्रिक मदतनीस करत.

त्या चौघांची ओळख ताईने करून दिली. आवाज कोरडा, पण मांडणी स्वच्छ. एआयच्या एकाच मदतनिसाला सगळं करायला सांगितलं की तो स्वतःच लिहितो, स्वतःच तपासतो आणि स्वतःची पाठ थोपटून घेतो. म्हणून त्यांनी कामं वाटून दिली होती. आखणी करणारे ते मोठे काका. प्रोग्राम लिहिणारे जावईबापू. लिहिलेलं चालतं का ते करून बघणाऱ्या वन्सं. त्यांनी जावईबापूंचं लिखाण बघायचं नाही, फक्त काय हवं होतं तेवढं वाचून परीक्षा घ्यायची. आणि शेवटी सासूबाई. त्यांनी फक्त खोट काढायची. आराखडा कुणाचा, हे त्यांना कळू द्यायचं नाही, म्हणजे भीडभाड नाही.

“आणि माणूस?”

“माणूस शेवटी. सासूबाई ‘थांबवा’ म्हणाल्या तर बटण चालतच नाही. ‘जाऊ द्या’ म्हणाल्या तरी त्यांचा शेरा वाचून माणसानेच दाबायचं. एकाचा आराखडा असेल तर बटण दुसऱ्याचं.”

“हा आराखडा?”

“वकिलाचा. बटण दादाचं.” तिने भावाकडे पाहिलं नाही. “काल संस्थेचा फोन आला तसा मी तिथल्या तिथे दोघांची खाती गोठवली. ज्यांचा हात लागलाय त्यांनी नंतर कशालाही शिवायचं नाही, असा आमचा नियम आहे.”

“नियम चांगला आहे,” मी म्हणाले. खरंच चांगला होता.

आराखड्यात एक सरळ वाक्य होतं. लागोपाठ दोनदा दार उघडलं नाही, तर नकार समजावा आणि घरच्यांनी कळवेपर्यंत भेटी बंद ठेवाव्यात. मोठ्या काकांनी ते आखलं, जावईबापूंनी बिनचूक लिहिलं, वन्सं तपासून खूश झाल्या. चुकीच्या गोष्टी इतक्या नीटनेटक्या कधी पाहिल्या नव्हत्या.

मी सासूबाईंचा शेरा उघडला. ‘जाऊ द्या’, असं वर हिरव्या रंगात. खाली मजकूर: “फार विचारपूर्वक केलेलं काम. भाषा सुटसुटीत आहे. नर्सचा वेळ वाचेल, ही दृष्टी कौतुकास्पद आहे. पुढेमागे सवड झाल्यास, दार न उघडणारी व्यक्ती घरात पडलेली तर नसेल ना, याचाही विचार करता येईल. एकंदरीत उत्तम.”

मी ते पुन्हा वाचलं. मग ताईला म्हटलं, “हाच बदल सासूबाईंना आत्ता, माझ्यासमोर दाखवा.”

तिने दाखवला. पडदा लाल झाला. “थांबवा. दार न उघडणारा माणूस मेलेला असू शकतो. लिहिणाऱ्याने हा विचारच केलेला नाही.”

त्याच सासूबाई, तोच बदल. मी परत परत विचारून पाहिलं. दरवेळी लाल.

३

वकिलाला मी जिन्यात गाठलं. खातं गोठवलेलं, हाताला काम नाही, त्यामुळे तो पायरीवर बसून चष्मा पुसत होता.

“मॅडम, मी बोललो तर वाटेल मी स्वतःला वाचवतोय. नाही बोललो तर वाटेल लपवतोय.”

“बोला. मग ठरवू काय वाटायचं ते.”

“सासूबाई हल्ली गोड झाल्या होत्या. पूर्वी सालटी काढायच्या. रोज सकाळी ताई शेरे वाचून दाखवते ना, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर. दादांच्या आराखड्याला एकदा म्हणाल्या, ‘हे लिहिणाऱ्याला प्रश्नच कळलेला नाही.’ सगळ्यांसमोर. पन्नाशी उलटलेला माणूस, कान लाल करून बसायचा.”

“आणि तुमचं?”

“माझीही काढायच्या. पण मला घरी खरी सासू आहे, मला सराव आहे.” तो हसला नाही. “मग मधेच कधीतरी सूर बदलला. आम्हाला वाटलं, मागून काही नवीन आवृत्ती आली असेल. कौतुक होतंय म्हणून तक्रार कोण करतो?”

“आत्ता त्या ‘थांबवा’ म्हणाल्या.”

त्याचा चष्मा हातातच राहिला. “शक्य नाही. म्हणजे, मी स्वतः विचारलं होतं.”

“केव्हा?”

“काल संस्थेचा फोन आला, ताई बोलत होती. एकच बाजू ऐकू येत होती, पण कळलं काय झालं ते. मी पहिलं काय केलं माहितीय? तोच बदल सासूबाईंना पुन्हा दाखवला. म्हटलं, त्या हो म्हणाल्या तर सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर नाही. त्या म्हणाल्या, उत्तम. जीव भांड्यात पडला माझा. मग ताईने फोन ठेवला आणि आमची खाती गोठवली.” त्याने चष्मा घातला. “आजोबा जिवंत आहेत का, ते मी त्यानंतर विचारलं. त्यानंतर, मॅडम.”

मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी कठड्याकडे पाहिलं.

तो खोटं बोलत असेल, तर गोष्ट सोपी होती. खरं बोलत असेल, तर कालपासून आजपर्यंत कुणीतरी सासूबाईंचा स्वभाव बदलला होता.

४

दादा खिडकीपाशी बसले होते. समोरचा संगणक बंद. मी खुर्ची ओढून घेतली.

“तुमच्या आराखड्यांवर सासूबाई पूर्वी फार बोलायच्या म्हणे.”

“बरोबरच बोलायच्या.”

“मग गोड बोलायला लागल्या, तेव्हा काय वाटलं?”

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. हा प्रश्न त्यांना सगळ्यात जास्त लागला, हे मला दिसलं आणि विचारल्याचं वाईट वाटलं.

“वाटलं, जमायला लागलं,” ते म्हणाले. “ही नवी पद्धत मला कळतच नव्हती. आम्ही आयुष्यभर स्वतः प्रोग्राम लिहिले. हे म्हणजे चार जणांना काम सांगायचं आणि बघत बसायचं. मला नीट सांगताच यायचं नाही. मग एक दिवस शेरा आला, ‘विचारपूर्वक मांडलेलं.’ घरी जाऊन बायकोला वाचून दाखवला.” त्यांनी खिशातल्या फोनला हात लावला. “यात उतरवून नेला होता.”

“आणि या बदलाचा शेरा? वाचला होता?”

“वाचला ना.”

“पूर्ण?”

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. मला कबुलीचं कारण कळलं. पहिल्या ओळीत ‘विचारपूर्वक’ दिसलं की त्यांचं मन भरत असे, मग शेरा आपल्या कामावरचा असो की वकिलाच्या. पुढचं वाचायची गरजच उरली नव्हती. ‘घरात पडलेली तर नसेल ना’ हे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि ते तिथपर्यंत गेलेच नव्हते.

त्यानंतर मी ताईला एकच प्रश्न विचारला. सहज, फाईल आवरता आवरता. “सासूबाईंचा सूर मधल्या काळात बदलला होता का हो?”

“नाही,” ताई म्हणाली. “आहेत तशाच आहेत.”

रोज सकाळी ते शेरे मोठ्याने वाचणारी बाई हे म्हणत होती.

५

माझ्या डोक्यात आता सरळ ओळ लागली होती, आणि ती लागल्याचा मला काही आनंद झाला नाही.

मधल्या काळातले जुने शेरे मी चाळले. सगळे साखरेत घोळलेले. म्हणजे वकील सूर बदलल्याचं खरं बोलत होता. मग सासूबाईंना कसं वागायचं हे सांगितलेलं असतं तो मजकूर कुठे ठेवलाय ते पाहिलं. आणि तिथे या हुशार घराची सगळ्यात मोठी चूक सापडली. नर्सच्या सॉफ्टवेअरमधलं एक अक्षर बदलायचं तरी चौघांच्या हाताखालून जावं लागे. पण त्या चौघांना दिलेल्या सूचना मात्र एका साध्या फाईलमध्ये होत्या. कुणीही उघडावं, खोडावं, लिहावं. कुणाची परवानगी नाही, मागे खूण नाही. सासूबाईंवर नजर ठेवायला कुणी नव्हतंच.

फोन चालू असताना वकिलाने विचारलं, तेव्हा सासूबाई गोड होत्या. आज कडक आहेत. म्हणजे सूचना परत जुन्यासारख्या झाल्या त्या फोन ठेवल्यानंतर. आणि फोन ठेवल्या क्षणी दोघांची खाती गोठलेली. तिसरं खातं एकच उघडं होतं.

वकिलाने खोटंच सांगितलं असेल तर? तर त्याने असं खोटं निवडलं असतं का, ज्यात तो स्वतः इतका लाजिरवाणा दिसतो?

मी ताईला चहाच्या कपाटापाशी गाठलं. तिथे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नसते. बोलायला हीच जागा बरी होती.

“ताई, सासूबाईंना गोड बोलायला तुम्ही शिकवलंत.”

तिने कप विसळला. विसळलेला कप पुन्हा विसळला.

“दादाला सांगू नका,” ती म्हणाली.

“मग मी नाव कुणाचं देऊ? ते स्वतःचं द्यायला निघालेत.”

“माझं द्या. पण कारण सांगू नका त्याला.” नळ बंद करायचा राहिला होता, तो मी बंद केला. “एका सकाळी मी शेरा वाचून दाखवत होते. वर पाहिलं, तर दादा स्वतःच्या चपलांकडे बघत होता. आमच्या वडिलांसमोर तो असाच उभा राहायचा. त्यांनी त्याला कधी बरं म्हटलं नाही. मला बोट धरून शाळेत नेणारा माणूस, आणि मी त्याला रोज चारचौघांत वाचून दाखवतेय की तुला काही कळत नाही. मी फार काही लिहिलं नव्हतं हो. एवढंच, की आधी चांगलं ते सांग, लागेल असं बोलू नकोस, अगदी खात्री असेल तरच थांबव.”

“खात्री कशी असणार? घरात माणूस पडलाय की नाही, हे कुणाला खात्रीने कळतं?”

“आता कळतंय मला ते.”

“आणि काल परत बदललंत.”

“हो. लपवायला,” ती म्हणाली. “पुन्हा असं होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. पण लपवायलाच. तो ‘मीच’ म्हणाला, तेव्हा मी तिथेच उभी होते. मला वाटलं, खरं सांगितलं तर त्याला हेही कळेल की ते कौतुक कुठून येत होतं. त्यापेक्षा त्याला चुकीचा दोष लागलेला बरा. असं वाटलं मला. बघा ना, काय वाटू शकतं माणसाला.”

६

तिने स्वतःच जाऊन सांगितलं. मी दारात थांबले. वकील जिन्यातच बसून राहिला, पण त्याला ऐकू जात होतं.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सगळेच शेरे? ‘विचारपूर्वक’वाला पण?”

“हो, दादा.”

“तो मी तुझ्या वहिनीला वाचून दाखवला, चिमे.”

“मला माहीत नव्हतं.”

“तुला कसं माहीत असणार?” त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “मला तोंडावर सांगायचंस. दादा, तुला हे जमत नाहीये, आपण वेगळं काही करू. मी आठवडाभर तोंड फिरवून बसलो असतो. बस्स, एवढंच झालं असतं.”

ताई रडली नाही. दादांनी चपला पायात सरकवल्या. “चल. नाव कुणाचं ते नंतर बघू. आधी त्या माणसाला सांगून येऊ.”

इस्पितळात आजोबा औषधाने झोपले होते. बाहेरच्या बाकावर त्यांची मुलगी होती, दूर गावाहून आलेली, पायात अजून प्रवासाचे बूट. ताईने आपण काय केलं ते सांगितलं. दादांनी आपण काय वाचलं नाही ते सांगितलं. दोघंही एकमेकांच्या आधी बोलायला धडपडत होते. मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

“तुमच्या घरातलं तुम्ही बघा,” ती शेवटी म्हणाली. “मला एक सांगा. आज कुणाचं दार दोनदा उघडलं नाही, तर काय होईल?”

दादांनी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. आणि सकाळपासून मीही हे विचारलं नव्हतं.

खाती गोठल्यावर दादांना वाटलं, तो नियम ताईने काढला असेल. वकिलालाही तसंच वाटलं. ताईला वाटलं, संस्थेने भेटी फोनवरून लावायला घेतल्या असतील. मी गुन्हेगार शोधत होते. ज्या एका उघड्या खात्यातून तो नियम काढता आला असता, त्या खात्याने आधी सासूबाईंचा सूर सारखा केला होता. नियम अजून चालूच होता.

“म्हणजे काहीच होणार नाही,” मुलगी म्हणाली. “कुणी जाणार नाही. मग तुम्ही इथे काय करताय?”

७

ताईने तिथेच, इस्पितळाच्या भिंतीला टेकून फोनवरून तो नियम काढायला घेतला. एकटीने नाही. दादांचं खातं उघडलं, त्यांनी सासूबाईंचा शेरा शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचला आणि मग बटण दाबलं. मी संचालिकाबाईंना फोन लावला. म्हटलं, नाव देते, पण आधी हा नियम आल्यापासून ‘नकार’ लागलेल्या प्रत्येक घरी माणूस पाठवा. तिकडे खुर्च्या सरकल्याचे आवाज आले.

नर्स कमी पडल्या. जवळचं एक घर आमच्या वाट्याला आलं. पत्ता कळवल्यावर वकील परस्पर तिथे पोचला होता; दुसऱ्या मजल्यावर, बंद दारासमोर, बेलवर बोट ठेवून.

“दोनदा वाजवली,” तो म्हणाला.

दादांनी वाजवली. आत काही नाही. ताईने दाराला कान लावला. दादा दार हाताच्या तळव्याने थोपटायला लागले, मग ठोकायला लागले. शेजारचं दार किलकिलं झालं. वकील कुलूपवाल्याचा नंबर शोधत होता. ताई कुणाला उद्देशून कोण जाणे, पण पुटपुटत होती, “उघडा हो, उघडा.”

आत काहीतरी सरकलं. खूप वेळाने कडी निघाली. आरामखुर्चीतली झोप डोळ्यांवर असलेली एक लहानखुरी म्हातारी दार धरून उभी होती. एका हातात कानाचं यंत्र, जे ती आत्ता कुठे लावत होती.

“नको म्हणून सांगितलं होतं ना मी?” ती म्हणाली. “ती पोरगी मला लहान मुलासारखं अंघोळ घालते. नको मला ती. लिहून घेतलं नाही का कुणी? कोण तुम्ही? इतके जण कशाला आलात? दार मोडायला आलात का?”

तिचं बरंच काही बाकी होतं. नर्सबद्दल, बेलच्या आवाजाबद्दल, दुपारची झोप म्हणजे काय असते याबद्दल. आमच्यापैकी कुणी तिला अडवलं नाही. ताईने दादांची बाही घट्ट धरली होती, आणि ते दोघं मान खाली घालून, एकेक शब्द ऐकत, ती थांबेपर्यंत तिथे उभे होते.